रेझा वली किती इराणी, हे मोजणं आता थांबवूया

इराणी वंशाच्या कुठल्याही संगीतकाराचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो, आणि दर वेळी ऐकून वाईट वाटतं, कारण ज्यावर बोलायचं ते संगीत बाजूलाच राहतं. एक बाजू म्हणते हे काही खरं इराणी संगीत नाही, अमेरिकेत बसून व्हायोलिन-चेलोसाठी लिहिलेलं हे, दस्तगाहचा, म्हणजे इराणी शास्त्रीय संगीतातल्या स्वरपद्धतीचा, नुसता वास दिलाय. दुसरी बाजू लगेच म्हणते, अहो कलेला कसल्या सीमा, संगीत ते संगीत. मग तिसरं कोणीतरी येतं आणि म्हणतं की ही बाहेर गेलेली मंडळी तिकडच्या श्रोत्यांना इराणचं दुःख विकून मोठी झाली. मला तिन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते एका माणसाच्या करिअरवरून सांगायचंय. तो माणूस म्हणजे संगीतकार रेझा वली. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: या तिन्ही बाजू वारसा म्हणजे जन्माने आपोआप हातात पडलेली वस्तू समजतात, पहिल्यांना ती जशीच्या तशी शाबूत हवी, दुसऱ्यांना ती महत्त्वाची वाटत नाही, तिसऱ्यांना ती बाजारात दिसते. पण वलींचं आयुष्य बघितलं तर हा वारसा त्यांच्या हातात कोणी आयता ठेवलेलाच नव्हता. त्यांनी तो शिकून मिळवला, आणि पूर्णपणे त्यात उतरले तेव्हा ते पन्नाशीला आले होते आणि राहत होते पिट्सबर्गला.

थोडं मागे जाऊ. वलींचा जन्म १९५२ चा, तेहरानच्या पश्चिमेला असलेल्या काझ्वीन शहरातला. शिक्षण तेहरान कॉन्झर्वेटरीत. आता इथे लोकांचा घोटाळा होतो, तेहरानमध्ये शिकला म्हणजे इराणी संगीत शिकला असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. त्या कॉन्झर्वेटरीचा मुख्य भर पाश्चात्य संगीतावर होता, आणि म्हणूनच रुहोल्ला खालेकींना १९४९ मध्ये राष्ट्रीय संगीतासाठी वेगळी कॉन्झर्वेटरी काढावी लागली. म्हणजे तेहरानमधला एक हुशार मुलगा सोनाटा आणि हार्मनी शिकत मोठा होत होता, आणि त्याच शहरात रदीफ, म्हणजे पाठ करून घ्यायचा पारंपरिक सुरावटींचा संच, शिकवणारे उस्ताद वेगळ्या घरांत, वेगळ्या शाळेत बसलेले होते. १९७२ मध्ये वली व्हिएन्नाला गेले, तिथल्या संगीत अकादमीत कॉम्पोझिशन शिकले, मग अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातून १९८५ मध्ये पीएचडी, आणि १९८८ पासून त्याच शहरातल्या कार्नेगी मेलनमध्ये अध्यापन. पिट्सबर्ग सिम्फनी, क्रोनोस क्वार्टेट, बोस्टन मॉडर्न ऑर्केस्ट्रा प्रोजेक्ट अशा मोठ्या ठिकाणांहून त्यांना कामं मिळाली. एवढं वाचून कोणीही म्हणेल, झालं, माणूस पश्चिमेत स्थिरावला.

पण या सगळ्या काळात ते लोकगीतांचे संच लिहीत होते, एकामागून एक, नंबर देऊन, आणि त्यात खरी इराणी लोकगीतंही आहेत आणि त्यांनी स्वतः कल्पून लिहिलेलीही. हे दोन्ही एकत्र ठेवणं मला फार प्रामाणिक वाटतं, कारण लोकगीत नुसतं उचलून त्याला हार्मनी लावली की काम झालं असं त्यात नाही, आधी त्या गाण्याची चाल-ढाल इतकी अंगात मुरवायची की तसंच नवं गाणं आतून यायला लागेल. बासरीच्या कॉन्चेर्तोमध्ये (एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) त्यांनी वादकाला वाजवता वाजवता बासरीत गुणगुणायला लावलं, म्हणजे धातूच्या युरोपियन बासरीतून नेय या इराणी बासरीसारखा श्वासाने भरलेला, किंचित खरखरीत आवाज निघावा. आणि मग २००० च्या आसपास त्यांनी मोठी उडी घेतली: युरोपियन समान-अंतराचं ट्यूनिंग सोडून दिलं आणि दस्तगाह-मकाम (मकाम म्हणजेही तशीच स्वरांची मांडणी) पद्धतीतच लिहायला लागले. कॅलिग्राफी नावाची त्यांची रचनांची मालिका याच वळणाची.

ट्यूनिंग सोडलं म्हणजे नक्की काय केलं, हे कळल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही, म्हणून जरा आकड्यांत शिरतो. पियानोवर शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक), एक सोडून पुढची पट्टी घेतली तर २००, सगळं शंभराच्या पटीत. होर्मोझ फरहात हे स्वतः संगीतकार, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवलेले, त्यांनी इराणी संगीतातली अंतरं तपासून साधारण आकडे दिले: लहान अर्धस्वर ९० च्या आसपास, मग १३५, मग १६०, पूर्ण स्वर २०४ आणि एक मोठं अंतर २७० च्या जवळपास. वर त्यांनी हेही सांगितलं की मधली अंतरं पक्की नसतात, वादक बदलला की जागा थोडी सरकते. आता १३५ आणि १६० पियानोवर कुठून आणणार? शूर दस्तगाहचा दुसरा स्वर अशाच मधल्या जागेवर बसतो, तो १०० वर ओढला की रडका होतो आणि २०० वर नेला की शूर उरतच नाही. आपल्याकडे दरबारीतला गंधार पेटीवर दाबून धरल्यावर जाणकार तोंड का वाकडं करतात ते ज्याला माहितीय त्याला हे समजवायला नको.

तर पहिल्या बाजूचं म्हणणं, आणि ते मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, दस्तगाह ही काही स्वरांची यादी नाही. ती कितीतरी गुशांची, म्हणजे छोट्या ठरलेल्या सुरावटींची, मांडणी आहे, गुरूच्या समोर बसून वर्षानुवर्षं कानाने घ्यायची, आणि रदीफ पूर्ण पाठ झाल्यावर वादक त्यातून त्या क्षणी जे घडवतो ते खरं संगीत. कागदावर चार वादकांसाठी एकेक स्वर लिहून दिला की बदाहे, म्हणजे जागच्या जागी सुचणारं वादन, संपलं. आणि ते संपलं तर उरलं काय? हा मुद्दा खरा आहे. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये चौघांना एका वेळी एका जागी पोचायचं असतं, तिथे एकाने मध्येच गुशे लांबवली तर बाकीचे तिघं काय करणार. जे हरवतं ते हरवतं, वलींचा कितीही चाहता असला तरी त्याने हे मान्य करावं.

पण मग मला विचारायचंय, ज्या रदीफच्या नावाने हे बोललं जातं ती रदीफ कधीची? आज जी शिकवतात ती मांडणी एकोणिसाव्या शतकातली, काजार दरबारात अली अकबर फराहानी आणि मग त्यांचे मुलगे मिर्झा अब्दुल्ला आणि हुसेनकुली यांच्या घराण्यातून आलेली. त्याआधीच्या ग्रंथांमध्ये बारा मकामांची चर्चा आहे, आजच्या सात दस्तगाहांची नाही. म्हणजे कोणीतरी पूर्वीचा माल समोर घेऊन बसलं, निवडलं, क्रम लावला, शिकवण्यासारखं केलं. त्यांना आपण परंपरा मोडणारे म्हणतो का? उलट त्यांच्याच नावाने परंपरा ओळखतो. मग विसाव्या शतकात अलीनकी वझीरी आले, युरोपात शिकून परतले, तेहरानमध्ये शाळा काढली, सप्तकाचे २४ सारखे भाग करायचे असं ठरवलं आणि पाव स्वर खाली-वर दाखवायला कोरोन आणि सोरी या खुणा तयार केल्या. ते २४ सारखे भाग फरहात यांनी पुढे सपशेल नाकारले, आणि माझ्या मते बरोबर नाकारले. पण खुणा मात्र राहिल्या. आज इराणी संगीताच्या कडव्यातल्या कडव्या अभिमान्याने छापलेली रदीफ उघडली तरी त्यात कोरोन दिसतो, युरोपात शिकून आलेल्या माणसाने काढलेला. तेव्हा शुद्ध आणि भेसळ अशी रेघ नक्की कुठे मारायची? १८५० ला, १९२५ ला, की आपल्या गुरूच्या मृत्यूच्या वर्षाला?

मराठी वाचकाला ही सगळी भानगड ओळखीची वाटायला पाहिजे. मेहदी बरकेश्ली नावाच्या इराणी अभ्यासकाने सप्तकात २२ स्वर मांडले, आणि बावीस म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं ते वेगळं सांगायला नको. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्याबरोबर श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला, अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्याबरोबर उभे राहिले, भातखंड्यांचं मत वेगळं, आणि शंभर वर्षं झाली तरी तो वाद मिटलेला नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती याच कारणाने, की तिच्यात श्रुती नाहीत. बंदीमागचा कान बरोबर होता असं मला वाटतं. पण पेटी गेली का? नाही गेली, आणि कोणी शहाणा माणूस आज म्हणणार नाही की पेटीच्या साथीने गायलेला ख्याल हा ख्याल नाही. आणि इराणी वंशाचाच विषय आहे तर एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: मुंबईची गायन उत्तेजक मंडळी १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी आणि इतर पारशी मंडळींनी काढली, भातखंडे १८८४ मध्ये तिथे गेले आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या अभ्यासाला त्या मंडळींचा मोठा आधार झाला. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इराण सोडून आलेल्या लोकांच्या वंशजांनी हिंदुस्तानी संगीत शिकण्या-शिकवण्याची व्यवस्था उभी करायला हात लावला. तेव्हा काबराजींना कोणी विचारलं का की तुमच्या रक्तात यमन आहे का?

रक्ताचाच हिशोब करायचा तर कैखुश्रू सोराबजींचं उदाहरण बघा. जन्म १८९२, इंग्लंडमधला, वडील मुंबईचे पारशी इंजिनियर, आई इंग्लिश. पियानोसाठी एवढं अवाढव्य लिहिणारे लोक जगात फार थोडे, १९३० मध्ये ग्लासगोला त्यांनी स्वतः वाजवलेली ऑपस क्लॅव्हिसेम्बॅलिस्टिकम ही रचना चार तासांच्या घरात जाते. पारशी असण्याचा त्यांना जबरदस्त अभिमान होता, जन्माने मिळालेलं इंग्रजी नाव बदलून त्यांनी पारशी नाव घेतलं, फारसी कवी सादीच्या गुलिस्तानवरून एका रचनेला नाव दिलं. पण ते सगळं लिहिलं पियानोच्याच पट्ट्यांवर, आणि फारसी जग त्यांच्यापर्यंत मुख्यतः पुस्तकांतून आणि कल्पनेतून आलं. मला ते थोर वाटतात आणि हे मी कमीपणाने म्हणत नाही. मुद्दा एवढाच की अभिमान असणं वेगळं आणि तो १३५ सेंटचा स्वर कानात असणं वेगळं. वंश दोघांनाही लाभला, सोराबजींना आणि वलींना, पण दस्तगाह एकाच्याच संगीतात आली कारण एकानेच ती शिकून घेतली.

आता दुसरी बाजू, सीमा नसतात म्हणणारी. या लोकांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे, कोणालाही त्याच्या आडनावाच्या चौकटीत कोंबू नये एवढंच त्यांना म्हणायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या बाजूने सगळ्यात भक्कम उदाहरण बेहझाद रंजबरान यांचं. जन्म तेहरान १९५५, त्याच कॉन्झर्वेटरीत लहानपणी प्रवेश, १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात, मग ज्युलियार्डमधून डॉक्टरेट आणि तिथेच प्राध्यापक. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या कथांवर त्यांनी तीन मोठ्या रचना लिहिल्या, सीमुर्ग, सियावशचं रक्त आणि सात मुक्काम, तिन्ही मिळून पर्शियन ट्रिलॉजी, आणि कंडक्टर जोआन फॅलेटांनी त्या लंडन सिम्फनीबरोबर रेकॉर्ड केल्या. पूर्ण मोठा ऑर्केस्ट्रा, पितळी वाद्यांचा गडगडाट, जुन्या रोमँटिक परंपरेला धरून लिहिलेलं, कुठलाही चांगला ऑर्केस्ट्रा थोड्याच रिहर्सलमध्ये बसवू शकेल असं. ऐकणाऱ्याला फिरदौसी माहीत नसला तरी अंगावर येतं. मग सीमा नाहीतच असं म्हणायला काय हरकत?

हरकत ही की रंजबरान यांचं संगीत सीमा ओलांडू शकतं कारण ते पलीकडच्या बाजूच्या ट्यूनिंगमध्ये लिहिलेलं आहे. तो त्यांचा निर्णय, आणि चांगला निर्णय, कथा आणि रंग इराणचे ठेवायचे आणि स्वरांची जागा जिथे वादकांचा हात आधीच बसलाय तिथेच ठेवायची. पण वलींनी दुसरा रस्ता घेतला तेव्हा त्यांना ती सीमा लगेच दिसली, अगदी व्हायोलिनच्या पट्टीवर दिसली. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे १६० सेंटवर बोट ठेवायला वाद्याची ना नाही, पण वादकाच्या बोटाने लहानपणापासून वेगळीच घरं पाठ केलेली असतात. कार्पे डिएम स्ट्रिंग क्वार्टेटसारख्या ग्रुपने वलींच्या रचना वाजवल्या, रेकॉर्ड केल्या, त्यासाठी चौघांनाही कान पुन्हा घडवावा लागतो आणि पुन्हा एकमेकांशी जुळवावा लागतो, कारण एकाचा १३५ आणि दुसऱ्याचा १५० असला तर ते नुसतं बेसूर ऐकू येतं. ज्या माणसाने आणि ज्या वादकांनी ही सीमा एवढी मेहनत करून पार केली त्यांना सीमा नसतातच असं सांगणं म्हणजे त्यांची मेहनत पुसून टाकणं आहे. आणि स्वरांचं राहू द्या, जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने सात देशांच्या नागरिकांना प्रवेश बंद केला त्यात इराण होता. तेहरानमध्ये कमांचे हे इराणी तंतुवाद्य वाजवणाऱ्या तरुणाला जाऊन सांगा की संगीताला सीमा नसतात.

इतिहासात बघितलं तर हे कोडं नवीन नाही आणि उत्तरंही आपल्यासमोर आहेत. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक तरुणपणी शहरी कॅफेमधल्या जिप्सी बँडच्या संगीतालाच हंगेरियन समजत होता, १९०४ मध्ये एका खेडवळ मुलीचं गाणं कानावर पडलं आणि त्याला कळलं की आपल्याला आपल्याच देशातलं काही माहीत नाही. मग फोनोग्राफ घेऊन तो गावोगाव हिंडला, हंगेरियनच नव्हे तर रोमेनियन, स्लोव्हाक, पुढे अल्जीरियात बिस्क्राला अरबी आणि १९३६ मध्ये अनातोलियात तुर्की गाणी गोळा केली. रोमेनियन गाण्यांवर एवढं काम केलं म्हणून त्याच्याच देशातल्या राष्ट्रवाद्यांनी त्याला देशद्रोही ठरवायला कमी केलं नाही. तोरू ताकेमित्सू तर टोकियोत जन्मलेला, पण युद्धाच्या आठवणींमुळे जपानी संगीत त्याला नकोसं होतं, तिकडे वळला तो बऱ्याच पुढे, आणि त्यात अमेरिकन संगीतकार जॉन केजचा वाटा होता हे तो उघड सांगायचा. १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी नोव्हेंबर स्टेप्स लिहिताना बिवा आणि शाकुहाची ही जपानी वाद्यं त्याने ऑर्केस्ट्रात विरघळवली नाहीत, समोरासमोर ठेवली. या दोघांपैकी कोणाला आपण आज भेसळखोर म्हणतो? दोघांनीही आपलं म्हणून जे होतं ते उशिरा, बाहेरून फिरून येऊन, विद्यार्थ्यासारखं शिकून घेतलं. वली याच ओळीतले आहेत. ड्वोर्झाकचं उलटं, तो बोहेमियाचा संगीतकार १८९२ मध्ये न्यूयॉर्कला आला, हॅरी बर्लीकडून काळ्या लोकांची भजनं ऐकली आणि अमेरिकनांनाच सांगितलं की तुमच्या संगीताचा पाया इथे आहे. १८९३ मध्ये त्याची नवी सिम्फनी वाजली आणि वर्तमानपत्रांत भांडण लागलं की ही अमेरिकन की बोहेमियन. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, सिम्फनी सगळीकडे वाजते, त्या भांडणातून निघालेलं उत्तर कोणाला आठवतं?

तिसऱ्या बाजूचं म्हणणं मला सगळ्यात जास्त टोचतं कारण त्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. होय, पश्चिमेतल्या कॉन्सर्ट हॉलना इराण म्हटलं की बुरखा, तुरुंग आणि विरहच ऐकायचा असतो, कार्यक्रमाच्या पत्रकात संगीतकाराच्या स्वरांबद्दल दोन ओळी आणि त्याच्या देशातल्या दडपशाहीबद्दल दोन परिच्छेद असतात. आणि हेही खरं की आत राहिलेल्यांना काहीच मिळत नाही. १९७९ नंतर रेडिओ-टीव्हीवरून संगीत हटवलं गेलं, पुढे परत आलं तरी टीव्हीवर वाद्य दाखवायचं टाळतात, बाईने पुरुषांसमोर एकटीने गायचं नाही हा नियम आजही आहे. तेहरान सिम्फनी काही वर्षं बंदच पडली होती, २०१५ मध्ये पुन्हा उभी राहिली. अलीरेझा मशायेखी, जन्म १९४०, व्हिएन्नात आणि उट्रेख्टला शिकले, इराणमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अगदी पहिल्या लोकांपैकी, १९६० च्या दशकात शूर नावाची टेपवरची रचना केली, आणि तेहरानमध्ये राहून शिकवत राहिले, तिथे नव्या संगीतासाठी ऑर्केस्ट्रा उभा केला. व्हिएन्ना त्यांनीही पाहिलं आणि वलींनीही. जगात नाव मात्र कोणाचं किती झालं हे बघितलं तर राहण्याच्या पत्त्याचा किती फरक पडतो ते कळतं. हा अन्याय आहे, आणि वलींच्या बाजूने बोलताना तो झाकायचा नाही.

पण यावरून बाहेर गेलेला प्रत्येकजण दुःखाचा व्यापारी, हा निष्कर्ष कसा निघतो? रिचर्ड डॅनियलपोर घ्या. जन्म न्यूयॉर्क १९५६, आईवडील इराणी ज्यू. २००९ मध्ये इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना चिरडलं गेलं, त्यानंतर त्यांनी नॅशव्हिल सिम्फनीसाठी सिम्फनी लिहिली, डार्कनेस इन द एन्शंट व्हॅली, शेवटी रूमीचे शब्द. लगेच म्हणता येईल की बघा, दुःख विकलं. मग त्याच माणसाने त्याआधी मार्गारेट गार्नर का लिहिला? १८५६ मध्ये केंटकीतून पळालेली गुलाम बाई, पकडली जाणार म्हटल्यावर मुलीला परत गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून स्वतःच्या हाताने मारणारी, तिच्यावरचा ऑपेरा, शब्द टोनी मॉरिसन यांचे, २००५ मध्ये डेट्रॉइटला पहिला प्रयोग. यात इराण कुठे आहे? मॉरिसन यांनी त्यांचा वंश विचारून शब्द दिले असतील का? ११ सप्टेंबरच्या बळींना अर्पण केलेला अमेरिकन रेक्विएम २००१ चा, आणि २०२१ मध्ये ग्रॅमी मिळाला तो द पॅशन ऑफ येशुआ या येशूच्या शेवटच्या दिवसावरच्या रचनेच्या रेकॉर्डिंगला. ज्याला फक्त इराणचं दुःख विकायचंय तो एवढ्या दूरच्या वाटा कशाला धरेल? डॅनियलपोर यांचं संगीत मला सगळंच आवडतं असं नाही, काही ठिकाणी फार गोड आणि फार सोपं वाटतं, पण ते मत स्वरांवरून द्यायचं, त्यांच्या आजी-आजोबांच्या गावावरून नाही. आणि वलींवर तर हा आरोप टिकतच नाही, कारण दुःख विकायला ट्यूनिंग बदलावं लागत नाही. समान-अंतराच्या ट्यूनिंगमध्ये दुःख जास्त सहज विकलं जातं, वादक लगेच मिळतात, श्रोत्यांचे कान सरावलेले असतात. ज्याने पन्नाशीत, नोकरी आणि नाव असताना, मुद्दाम असं लिहायला सुरुवात केली जे वाजवायला लोक कमी मिळतील, त्याला धंदेवाईक कसं म्हणायचं?

मग वलींवर टीका करायचीच नाही का? करायची, पण नेमकी करायची. मला स्वतःला त्यांचा नेय आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्तो, ज्याचं नाव इराणी कवी सोहराब सेपेहरीच्या कवितेवरून आहे, पूर्ण पटत नाही. खुस्रो सोलतानींचा नेय अफाट आहे, दातांमध्ये धरून वाजवायचं ते वाद्य, प्रत्येक स्वराआधी श्वास ऐकू येतो, आणि वाद्याच्या खालच्या पट्टीत तो आवाज असा भरून येतो की बाकी काही नको वाटतं. आणि तीच अडचण आहे. काही जागी ऑर्केस्ट्रा नुसता मागे पसरलेला पडदा होऊन राहतो, त्याला स्वतःला बोलायला काही उरत नाही, ताकेमित्सूने जसं दोघांना समोरासमोर उभं केलं तसा ताण इथे सतत राहत नाही. क्वार्टेटच्या रचनांत असं होत नाही, कारण तिथे एक इराणी पाहुणा आणि बाकीचे यजमान अशी मांडणीच नाही, चारही वाद्यांना त्याच स्वरांत राहायचंय. म्हणून मला वलींचं खरं मोठं काम तिथे दिसतं, जरी जास्त लोकांनी कॉन्चेर्तो ऐकला असला तरी.

भांडायचं असेल तर अजून एका गोष्टीवर भांडूया, जी मला खरंच काळजीची वाटते. बदाहे गेलं हा पहिल्या बाजूचा मुद्दा मी मान्य केला होता, तो तसाच सोडायचा नाही. क्वार्टेटच्या वादकांना रदीफमधल्या दोन-चार गुशे तोंडी शिकवल्या आणि रचनेत ठरलेल्या जागी एकाला मोकळं सोडलं, तर काय होईल? हे अशक्य नाही, युरोपमध्येच अठराव्या शतकापर्यंत कॉन्चेर्तोच्या कादेन्झात, म्हणजे एकट्या वादकासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत, वादक स्वतःचं वाजवायचे. पण त्यासाठी व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजात असतानाच १३५ आणि १६० मधला फरक ऐकवायला पाहिजे, कमांचेवाला उस्ताद महिन्यातून एकदा तरी वर्गात यायला पाहिजे, आणि परीक्षेत त्याला मार्क असायला पाहिजेत, नाहीतर कोणी मनावर घेणार नाही. पिट्सबर्गमध्ये वली आहेत म्हणून तिथल्या काही विद्यार्थ्यांच्या कानावर हे पडलं. बाकीच्या कॉन्झर्वेटरींत काय? आणि तेहरानमध्ये जी मुलं आज व्हायोलिन शिकतायत त्यांना वलींच्या क्वार्टेटची पानं हातात मिळतील, वाजवून बघता येतील, चुकीचं वाटलं तर त्यांच्याशी वाद घालता येईल, याची सोय कोण करणार?